वीस मायक्रॉनची वाट

किलमोरा मठ,
२२ जानेवारी

प्रिय गोरेटी,

तुझा नाताळचा केक पोचला आणि संपलाही. मदर गॉब्नेटने पहिला घास घेतला, डोळे मिटले आणि विचारलं, "ही तुझी मैत्रीण व्हिस्की मोजून घालते, की बाटली उलटी करून विसरून जाते?" मी म्हटलं, "मदर, ती प्रयोगशाळेत काम करते. मोजूनच घातली असणार." मग सगळ्यांनी दुसरा तुकडा घेतला.

आता ज्यासाठी हे लिहायला बसले ते सांगते. चर्चमध्ये मिस्सेत प्रभूचं शरीर म्हणून वाटायच्या प्रसादाच्या चकत्या आम्ही भाजतो, हे तुला माहीत आहेच. नुसतं पीठ आणि पाणी. त्यावर हा मठ चालतो. इथल्या समुद्राच्या दमट हवेत त्या टिकत नाहीत, म्हणून पिशवीत कोरडा नायट्रोजन सोडून तोंड गरम पट्टीखाली दाबून बंद करतो. इतकी वर्षं कुणाची तक्रार नव्हती. पण डिसेंबरपासून पिशव्या परत येऊ लागल्या आहेत. आतल्या चकत्या मऊ, चिवट. एका फादरनी तर मदरला फोनवर सांगितलं, "मदर, माझी माणसं प्रभूला चघळत घरी जातात!"

पिशव्या बंद करते सिस्टर बेनिग्नस. तिला तू पाहिलं आहेस, भेटीच्या खोलीतल्या जाळीपलीकडून तुझे बूट कुठून घेतले विचारणारी. चौऱ्याऐंशीची आहे. आधी तिच्यासमोर सिस्टर कोलंबा बसून पिशवीचं तोंड धरायची. कोलंबा नोव्हेंबरात गेली, तेव्हापासून बेनिग्नस एकटीच त्या यंत्रावर असते. मदरचं म्हणणं, तिचे हात तरी गेले किंवा डोकं तरी. ईस्टरनंतर तिला डब्लिनला, वयस्कर सिस्टर्सच्या शुश्रूषागृहात पाठवायचं घाटतंय. "तिथे लिफ्ट आहे, नर्स आहेत, खिडकीतून बाग दिसते," असं मदर म्हणते. सगळं खरं आहे. पण गोरेटी, ती एकोणिसाव्या वर्षी या दारातून आत आली आणि कंबरेचं हाड मोडलं तेव्हाचं इस्पितळ सोडलं तर दुसरीकडे कुठे झोपलेली नाही. डब्लिनला ती पावसाळी दिवसातल्या चकतीसारखी होऊन जाईल.

तू इस्पितळाच्या निर्जंतुक सामानाच्या बंद पाकिटांतली भोकं शोधतेस. सहा पिशव्या पाठवते आहे. आमचं भोकही शोध. मी रोज प्रार्थना करते की ते उंदराने केलेलं असू दे.

तुझी,
नोरीन
(सिस्टर रोनान म्हणून पत्ता लिहिलास तरच पत्र मिळतं, हे या वेळी लक्षात ठेव.)

*

गॉलवे,
३० जानेवारी

प्रिय नोरीन,

पुरुष संताचं नाव घेऊन चाळीस वर्षं झाली, तरी माझ्यासाठी तू नोरीनच. पोस्टमनला काय समजायचं ते समजू दे.

तुझ्या पिशव्या आल्या. आमच्या इथल्या पोरांनी विचारलं, "गोरेटी, हे खाल्लं तर पाप लागेल का?" मी म्हटलं, "अजून नुसतं पीठ आहे, पण हात लावाल तर मी लावीन पाप."

उंदीर नाही गं. उंदीर इतका नाजूक नसतो. भोक डोळ्यांना दिसत नाही, आणि ते दिसावंही लागत नाही. मी पिशवी दोन जाळ्यांमध्ये धरून एका बंद डब्यात ठेवते, डब्यातली हवा काढून टाकते, आणि पिशवीतून मिनिटाला किती वायू बाहेर येतो ते मोजते. वायू किती वाहतो यावरून त्याला केवढं दार लागलं असेल ते गणित सांगतं. तुमच्या पिशवीतून मिनिटाला चहाच्या चमच्यापेक्षाही कमी वायू येतो. म्हणजे भोक वीस मायक्रॉनचं. तुझ्या डोक्यावर जो काही केस उरला असेल, त्याच्या जाडीच्या तिसऱ्या हिश्श्याहून लहान.

एवढ्यानेही पुरतं. बाहेर हवेचा दाब वाढला की पिशवी श्वास आत घेते, कमी झाला की सोडते. तुमच्या किनाऱ्यावर आठवड्याला दोन वादळं येतात, म्हणजे पिशवीला दमच लागत असेल.

सहाही पिशव्यांत आकडा जवळपास तोच आला. एकाच गोष्टीचं टोक प्रत्येक पिशवीला ओझरतं लागत असणार. नोरीन, तुमच्या डोक्यांवर बुरख्याच्या टाचण्या किती असतात?

प्रेमाने,
गोरेटी

*

किलमोरा मठ,
७ फेब्रुवारी

प्रिय गोरेटी,

देव तुझं भलं करो! टाचण्या! मी पत्र घेऊन जिन्यावरून धावत मदरकडे गेले. मठात धावायचं नसतं. मदर म्हणाली, "आग लागली का?" मी म्हटलं, "नाही, टाचणी लागली."

त्याच दिवशी हुकूम सुटला. पिशव्यांच्या खोलीत टाचणी घेऊन जायचं नाही, बुरख्याला नाडी बांधायची. आमची अवस्था तुला काय सांगू. सिस्टर बेनिग्नसचा बुरखा घसरून नाकावर येतो. ती तो वर करते, तो परत येतो. काल चिडून म्हणाली, "व्रत घेतलं तेव्हा केस घेतलेत. आता टाचण्या घेतल्यात. उद्या दात मागाल, तेवढे मात्र माझे नाहीत, सरकारी दवाखान्याचे आहेत."

मदर हसली. बेनिग्नसच्या बाबतीत ती बऱ्याच दिवसांनी हसली. कठोर नाही ती, घाबरलेली आहे. आम्ही अकरा जणी उरलो, आणि सगळ्यांत धाकटी मी, त्रेसष्ट वर्षांची. गावागावांतून मागणी गेली तर परदेशी कारखान्याच्या चकत्या येतील, त्या एका साच्यातल्या विटांसारख्या सगळ्या सारख्या असतात म्हणे.

बिनटाचणीच्या बारा पिशव्या सोबत पाठवते. माझी खात्री आहे. इतकी की मी बेनिग्नसला सांगून टाकलं, आता कुणी तुम्हाला कुठे पाठवत नाही. ती म्हणाली, "मला कुठे पाठवणार होते?"

तिला कुणी सांगितलंच नव्हतं, गोरेटी.

तुझी,
नोरीन

*

गॉलवे,
१६ फेब्रुवारी

प्रिय नोरीन,

हे पत्र मी तीनदा फाडलं. बाराही पिशव्या गळतात. आकडा तोच.

चूक माझी आहे. मी तुला 'वीस मायक्रॉनचं भोक' असं सांगितलं ते जणू मी ते डोळ्यांनी पाहिलं अशा थाटात. खरं म्हणजे तो मानलेला आकार असतो. इतका वायू एका गोल, स्वच्छ भोकातून जात असता तर ते भोक केवढं असतं, एवढंच तो आकडा सांगतो. प्रत्यक्षात तिथे भोक आहे की आणखी काही, ते त्याला माहीत नसतं. हे मी नव्या पोरांना दर वर्षी शिकवते, आणि मैत्रिणीला लिहिताना विसरले, कारण मलाही टाचणीच हवी होती.

मग मी करायला हवं होतं ते केलं. पिशवीतला दाब दुप्पट केला. साधं भोक असतं तर वायू दुप्पट आला असता. तो जवळजवळ चौपट आला. म्हणजे हे भोक नाही, लांब आणि अरुंद वाट आहे, आणि तिची रुंदी वीस मायक्रॉनपेक्षा बरीच जास्त असणार. बंद केलेल्या पट्टीतूनच ती आरपार जाते. पिशवीच्या बाजूची घडी येते ना, तिथे प्लास्टिकचे चार पदर एकावर एक असतात. तिथवर उष्णता पोचायला वेळ लागतो. पट्टी लवकर उचलली की वरचे पदर चिकटतात आणि आतल्या घडीत बोगदा राहतो.

तेव्हा टाचण्या परत द्या सगळ्यांना. आणि मला एवढंच सांग, बेनिग्नस यंत्राचं पायडल किती वेळ दाबून धरते? यंत्राला घड्याळ आहे का? नसेल तर वेळ कशावरून ठरतो?

तुझी (आणि सिस्टर बेनिग्नसच्या बुरख्याची अपराधी),
गोरेटी

*

गॉलवे,
११ मार्च

अगं, आहेस ना?

राखेचा बुधवारही होऊन गेला. तुम्ही उपवासकाळात पत्रं लिहीत नाही असं नाही, गेल्या वर्षी या दिवसांत तू मला कांद्याच्या सूपवर चार पानं लिहिली होतीस. मी फक्त एक साधा प्रश्न विचारला होता.

शाळेत तू काही लपवायचीस तेव्हा एकदम भाविक व्हायचीस. डॉर्मिटरीत भिजलेला मोजा रेडिएटरवर सापडला तेव्हा तू आठवडाभर चॅपेलमधून हललीच नव्हतीस. आता तर तू कायमचीच चॅपेलमध्ये आहेस, मला कसं कळायचं?

लिही.
गो.

*

किलमोरा मठ,
१४ मार्च

प्रिय गोरेटी,

लपवते आहे. खरं आहे.

यंत्राला घड्याळ नाही. ते यंत्र आलं तेव्हा बसवणाऱ्या माणसाने बेनिग्नसला आणि कोलंबाला सांगितलं होतं, पायडल थोडा वेळ दाबून धरा. थोडा म्हणजे किती, असं कोलंबाने विचारलं, तर म्हणाला, "एक नमो मारिया म्हणा, सिस्टर, पुरे होईल." त्याने गमतीने म्हटलं असेल. यांनी ते शब्दशः घेतलं. पाय खाली, एक नमो मारिया, पाय वर. चाळीस वर्षं प्रत्येक पिशवीवर एक प्रार्थना. आम्हा सगळ्यांना ते माहीत आहे आणि आम्हाला त्याचा अभिमानही आहे.

डिसेंबरात मी चकत्यांची पेटी घेऊन त्या खोलीपाशी गेले. दार अर्धवट उघडं होतं. बेनिग्नसने पाय दाबला, नमो मारिया सुरू केली, आणि अर्ध्यावर, अगदी मध्यावर, थांबली. पाय उचलला. दुसरी पिशवी घेतली. पुन्हा अर्ध्यावर थांबली. मी पेटी दाराशी ठेवून परत गेले. त्यानंतर कितीदा तरी ऐकलंय. पुढचा भाग तिला आठवतच नाही, गोरेटी. जो आम्ही झोपेत म्हणू शकतो तो. चॅपेलमध्ये सगळ्यांच्या आवाजात निभावून जातं, तिथे कुणाला कळत नाही.

म्हणून मला उंदीर हवा होता. म्हणून टाचणी मिळाली तेव्हा मी धावले.

तुझा अहवाल मदर वाचणार आहे. तिने मला दोनदा विचारलं, मी सांगितलं अजून आला नाही, आणि ते कन्फेशनमध्येही सांगून झालं. आता मी तुझ्याकडे एक मागते. यंत्र जुनं झालं, पट्टी नीट तापत नाही, असं लिहिशील का? नवीन यंत्र घेऊ, घड्याळवालं. बेनिग्नस तिथेच बसेल. कुणाचं काय नुकसान होणार आहे?

नोरीन

*

गॉलवे,
१८ मार्च

नोरीन, माझी लाडकी बये,

खोटं लिहिणार नाही. तुलाही ते मागणं जड गेलं असणार, अक्षरावरून दिसतंय. पण रागावू नकोस, पुढचं वाच. पुन्हा वाच लागलं तर.

माझ्या आईची शेवटची पाच वर्षं तू पत्रांतून माझ्याबरोबर काढलीस. आई जपमाळ घेऊन बसायची. एक दिवस तिसऱ्या शब्दावर अडायची. दुसऱ्या दिवशी शेवटाला पोचून पुन्हा सुरुवातीला यायची, आणि गोल गोल फिरत राहायची. कधी मध्येच विचारायची, किटली ठेवली का? कधी चक्क सगळी नीट म्हणायची आणि मला आशा लावायची. विसरणं असं असतं. त्याला शिस्त नसते.

आता माझ्या टेबलावरच्या अठरा पिशव्या बघ. डिसेंबरातल्या, जानेवारीतल्या, फेब्रुवारीतल्या. सगळ्यांतून येणारा वायू जवळपास सारखा. म्हणजे प्रत्येक वेळी पाय तेवढाच वेळ खाली होता. ज्या बाईची आठवण गळते आहे तिच्या पिशव्या अशा नसतात. एक चांगली बंद झालेली, एक पुरती उघडी, एक जळलेली अशा असतात. हे मी मैत्रीण म्हणून म्हणत नाही, अठरा पिशव्या म्हणताहेत.

ती विसरत नाही, नोरीन. ती थांबते. रोज, त्याच जागी, स्वतःहून. का थांबते ते माझं यंत्र सांगू शकत नाही.

तू चार महिने दाराबाहेर उभी आहेस. आत जा आणि विचार तिला.

गोरेटी

*

किलमोरा मठ,
२३ मार्च

प्रिय गोरेटी,

गेले आत.

पेटी खाली ठेवली आणि कोलंबाच्या स्टुलावर बसायला गेले, तर बेनिग्नस म्हणाली, "तिथे नको. ते तिचं आहे." मग मी उभीच राहिले. म्हटलं, "सिस्टर, तुम्ही नमो मारिया अर्धीच का म्हणता?"

माझ्याकडे तिने असं पाहिलं की जणू मीच डब्लिनला जायच्या लायकीची आहे. म्हणाली, "कारण माझी अर्धीच आहे."

"म्हणजे?"

"अगं म्हणजे काय? पहिली अर्धी माझी, दुसरी कोलंबाची. मी म्हणायची, मग ती म्हणायची, तिचं आमेन आलं की मी पाय उचलायची. पहिल्या दिवसापासून असंच ठरलं होतं."

गोरेटी, शाळेत आपण जपमाळ कशी म्हणायचो ते आठवतं? डावीकडचे बाक पहिला अर्धा भाग, देवदूताचा नमस्कार. उजवीकडचे बाक दुसरा, आपली विनवणी. त्या दोघी तशाच म्हणत होत्या, चाळीस वर्षं, पायडलच्या दोन बाजूंना बसून. कोलंबाचा आवाज इतका बारीक होता की यंत्राच्या गुणगुणण्यात आमच्यापैकी कुणाला कधी ऐकूच आला नाही. आम्हाला वाटायचं बेनिग्नसच सगळी म्हणते.

मी म्हटलं, "मग आता दुसरी अर्धीही तुम्हीच म्हणा ना."

ती बराच वेळ पिशवीची कड सरळ करत राहिली. मग म्हणाली, "एकदा म्हणून पाहिली. दफनाच्या दुसऱ्या दिवशी. तोंडातून निघाली तेव्हा असं वाटलं की मी तिच्या ताटातलं खाते आहे. तेव्हापासून माझं संपलं की पाय उचलते. तिथे थांबून राहिलं तर फार शांत वाटतं गं. मला ती शांतता ऐकवत नाही."

मी तिला पिशव्यांचं सांगितलं. वायूचं, घडीतल्या बोगद्याचं, सगळं. ती पांढरी पडली. "म्हणजे ते फादर चघळत होते ते माझ्यामुळे?" मग तिला रडू आलं. मला आधी आलं होतं.

थोड्या वेळाने तिने नाक पुसलं, पिशवी पट्टीखाली सरकवली, पाय दाबला आणि आपली अर्धी म्हटली. थांबली. पाय मात्र उचलला नाही. माझ्याकडे पाहिलं. मी दुसरी अर्धी म्हटली. आमेन झालं, तिने पाय उचलला, आणि पिशवी माझ्याकडे टाकत म्हणाली, "बस आता, एक खुर्ची ओढून. उभ्याने कुणी प्रार्थना करतं का?"

मदरला सगळं सांगितलं, डिसेंबरपासूनचं. ती खिडकीकडे तोंड करून ऐकत होती. शेवटी एवढंच म्हणाली, "आपण अकरा जणी आहोत, आणि तिच्यासमोरचं स्टूल रिकामं ठेवलं." आणि मग मदरसारखं, "तरी मला गॉलवेचा कागद हवा. भावनेवर गावांच्या मागण्या चालत नाहीत."

आम्ही दोघींनी बंद केलेल्या बारा पिशव्या सोबत आहेत. पोस्टात देताना मी त्यांना हात लावून आले.

तुझी,
नोरीन

*

गॉलवे,
१ एप्रिल

प्रिय नोरीन,

आजच्या तारखेला लिहितेय म्हणून थट्टा समजू नकोस. बारा पिशव्या तपासल्या. काटा हलला नाही. दाब दुप्पट केला, तरी हलला नाही. वाट असेलच तर माझ्या यंत्राला दिसण्याइतकी राहिलेली नाही. प्रयोगशाळेतली पोरं टाळ्या वाजवायला लागली, त्यांना कशासाठी ते ठाऊक नव्हतं, माझा चेहरा बघून वाजवल्या.

मदरसाठी कागद वेगळा पाठवते आहे, सहीशिक्क्यासह. कारण: पट्टी दाबून धरण्याचा वेळ निम्म्यावर आला होता. उपाय: या यंत्रावर पूर्वीप्रमाणे दोन व्यक्ती नेमाव्यात. दोन्ही वाक्यं शंभर टक्के खरी आहेत. माझ्या साहेबांनी सही करताना विचारलं, "दोन कशाला? एक टायमर बसवा ना." मी म्हटलं, "टायमरला आमेन म्हणता येत नाही, सर." ते प्रॉटेस्टंट आहेत, पण केली सही.

बेनिग्नसचं पत्रातलं बोलणं वाचलं त्या दिवशी घरी जाऊन खूप वेळ बसले. फिंटनला जाऊन तीन वर्षं झाली. मी अजून नवऱ्याचा धरून टोस्ट दोनच भाजते आणि एक पक्ष्यांना घालते. मला वाटायचं हे माझं वेड आहे. आता वाटतं की त्याच्या वाटणीचं मला खाववत नाही, एवढंच.

ईस्टरनंतर भेटायला येईन. बूट नवे आहेत, तिला सांग.

प्रेमाने,
गोरेटी

*

किलमोरा मठ,
२४ एप्रिल, ईस्टरचा आठवडा

प्रिय गोरेटी,

कागद पोचला त्या दिवशी मदरने डब्लिनला फोन केला आणि खोली नको म्हणून कळवलं. मग यंत्राच्या खोलीत जाऊन बेनिग्नसच्या तोंडावर सांगितलं, कारण या वेळी तिला कुणाकडून तरी कळणं मदरला नको होतं. बेनिग्नस म्हणाली, "मी जाणारच नव्हते. मला उचलून न्यावं लागलं असतं, आणि तुमच्यात उचलणारं कोण आहे?"

ईस्टरच्या सगळ्या पिशव्या गेल्या आणि एकही परत आलेली नाही. ते फोनवाले फादर म्हणाले, चकती मोडताना चॅपेलच्या मागच्या बाकापर्यंत आवाज गेला.

सकाळी मी बसते, दुपारी इतर आळीपाळीने बसतात. काल मदर स्वतः येऊन बसली, तासभर. आणि स्टूल कोणतं म्हणून विचारशील तर तेच. बेनिग्नसनेच परवा पायाने माझ्याकडे ढकललं.

मी तिला विचारलं, "कसं जमतंय मला? खरं सांगा."

ती म्हणाली, "जमेल. पण तू आमेनला फार घाई करतेस. कोलंबा शेवटी थोडी रेंगाळायची."

आता मीही रेंगाळते.

तुझी,
नोरीन